निबनाना

मढ जेट्टीवरून वर्सोव्याला जाणाऱ्या तरीत लोक मोबाईल, पाकीट आणि पोरं सांभाळतात. निबनाना खिसा सांभाळतात. खिशात तीन पेनं, तिन्हींच्या निबा आकाशाकडे. "निब खाली झाली की शाई टोपणात उतरते," हे ते शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतात. तो बिचारा स्कूटर धरून उभा असतो. खाली खाडी, वर नाना. ऐकतो.

शाईच्या पेनाचा नाद करायला मढपेक्षा गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. हवेत मीठ, पावसाळ्यात भिंतींना ओल, कागद असा दमट की शाई टेकवायच्या आधीच फुटायला तयार. पण सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या नानांनी हट्टानं संसार मांडलाय तो इथंच. बायको म्हणते, घरात माणसं दोन आणि दौती अकरा.

पेनखरेदी हा नानांचा सोहळा. दोनशे एकाहत्तरची बस, मालाड, मग लोकल, मग फोर्ट. दुकानात ते किंमत विचारत नाहीत, भिंग काढतात. निबेची चीर सरळ आहे का, दोन्ही पाती एका पातळीत आहेत का, टोकाचा कठीण धातूचा मणी दोन्हीकडे सारखा आहे का, हे सगळं तपासून झालं की निब शाईत बुडवून कागदावर इंग्रजी आठचा आकडा आडवा काढतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग पेन कानाशी नेऊन पुन्हा लिहितात. करकर आली तर पेन परत. "दाबायचं नाही," ते दुकानदाराला बजावतात, "पेनाच्या वजनानं लिहायचं." दुकानदार चाळीस वर्षं पेनंच विकतोय, तरी मान डोलावतो. तासाभरानं नाना एक टिपकागद विकत घेतात आणि बाहेर पडतात.

इतिहासही त्यांना मुखोद्गत. गिरगावात 1931 साली दांडेकरांनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज असा हळवा होतो की दांडेकर त्यांचे मामा असावेत असं वाटतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचं रत्नम पेन स्वदेशी म्हणून गांधीजींनी वाखाणलं होतं, हे सांगताना ते उभे राहतात. चिनी हीरो पेन 1941 च्या पार्कर फिफ्टीवनचा चेहरा घेऊन आपल्या पिढीच्या खिशात शिरलं, हेही ते क्षमाशील सुरात मान्य करतात. क्षमा नाही ती फक्त बिरोला. हंगेरीच्या या गृहस्थानं 1938 मध्ये बॉलपेनाचं पेटंट घेतलं. "आणि धंद्यानं होता पत्रकार!" नाना कपाळावर हात मारतात. "लिहिणाऱ्यानंच घात केला."

सगळ्यात लाडकं त्यांचं जुनं एअरमेल. मुंबईचंच, ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायचं. या जातीच्या पेनाचा एक गुण असा, की शाई अर्ध्यावर आली की रिकाम्या जागेत हवा साठते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबेवाटे शाईचा थेंब बाहेर ढकलते. नानांच्या प्रत्येक शर्टाला त्यामुळे निळं कुलचिन्ह आहे. यावरचा उपाय, म्हणजे शाई अर्ध्यावर येऊच न देणं, तेही पाळतात. ओळभर लिहिलं की भरतात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, कोळी मंडळी जाळी शिवतायत, बोटीला रंग देतायत. नानांचाही बंदीकाळ तेव्हाच. पेनं उघडायची, निब आणि जीभ वेगळी करायची, कोमट पाण्यात भिजवायची. कोमटच, कढत पाण्यानं जुन्या पेनाची जीभ वाकडी होते. पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं, सावलीत सुकवायचं. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात भरणाऱ्याला नाना घरात घेत नाहीत. तिच्यात लाख असते, ती सुकली की पेनाचा गळा कायमचा धरतो. आट्यांना लावायला एकदा ते बोटीच्या इंजिनवाल्याकडे सिलिकॉन ग्रीस मागायला गेले. त्यानं हातभर काळं ग्रीस पुढे केलं. "एवढं नको," नाना म्हणाले, "मोहरीएवढं, आणि पांढरं." तेव्हापासून तो इंजिनवाला नाना दिसले की डिझेलच्या पिंपामागे जातो.

पेन उसनं मागणारा हा नानांचा नैसर्गिक शत्रू. "एकाच्या हाताला रुळलेली निब दुसऱ्यानं धरली की बिघडते." फारच गळ पडली तर पेन देतात, टोपण स्वतःच्या मुठीत ठेवतात आणि मागणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहतात. या जाचाखाली भलेभले आपली सही विसरले आहेत.

मढच्या बंगल्यांत मालिकांचं शूटिंग बारमाही. एकदा मृत्युपत्राच्या प्रसंगासाठी कुणीतरी नानांचं पेन मागायला आलं. नाना पेनासकट स्वतः गेले. "शाई काढा, गालिचा खराब होईल," म्हणाले, तो पहिला घाव. मग आजोबा झालेल्या नटानं निब उलटी धरली आणि कागदावर खसाखसा ओढली. दिग्दर्शकाच्या आधी नानाच ओरडले, "कट!" आजोबांनी शेवटी बॉलपेनानं इस्टेट वाटली.

इतक्या तयारीनं नाना लिहितात काय? तर रोज सकाळी प्रत्येक पेनानं एकच ओळ: "हे पेन चालू आहे." खाली तारीख. अशा सत्तावीस वह्या भरल्यात. त्याला ते दफ्तर म्हणतात.

परवा शेजारची कोळीण मासळीची टोपली घेऊन निघाली होती. ओट्यावर नाना निबेला फडक्यानं न्हाऊमाखू घालत होते. ती थांबली, बघितलं आणि म्हणाली, "नाना, जाल्याची एवरी चाकरी करतंस, नि दर्यान कवा जाशील?"

नानांना ते लागलं. त्या दिवशी पेनं धुतली नाहीत. ठेवणीतला जाड कागद काढला, दार लावून घेतलं. बायकोनं मला फोनवर कुजबुजत सांगितलं, "लिहितायत. खरोखर लिहितायत."

चार दिवसांनी पोस्टानं पत्र आलं. अक्षर म्हणजे मोत्याचे सर. डाग नाही, खाडाखोड नाही, समास दोन्हीकडे बोटभर.

"स. न. वि. वि. पत्रास कारण की, हे पत्र एअरमेल पेनानं, मध्यम निबेनं, कॅम्लिनच्या रॉयल ब्लू शाईत लिहीत आहे. कागद उत्तम, शाई फुटत नाही. वेलांट्या पाहाव्यात. उकारही बरे उतरले आहेत. उत्तर कृपया बॉलपेनानं देऊ नये. मजकूर सुचताच कळवीन."