कुंपणाच्या आतली धूळ

नोएडात धुळीला शिस्त आहे. बांधकामाभोवती हिरवं कापड ताणायचं, पाण्याचे फवारे उडवायचे; धूळ बाहेर आली की बिल्डरला दंड. आत राहिली तर तिची कुणाला तक्रार नाही. आत एक पोरगा ग्राइंडरने ग्रॅनाइट कोरडाच कापत बसलाय. नाकाला गमछा, भुवया पांढऱ्याफेक. भुवयांवरून वय ओळखायला जाऊ नका, ती सिलिका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, बसवलंय. पण तो कुंपणाच्या आतला मामला.

28 ऑगस्ट 2022 ला सेक्टर 93ए मधले जुळे टॉवर पाडले, तेव्हा शेजारच्या इमारती कापडात गुंडाळल्या, रहिवासी हलवले, भटकी कुत्रीसुद्धा हलवली. मग ढिगारा उपसायला मजूर आणले.

तज्ज्ञांची वानवा आहे म्हणाल, तर तेही नाही. सेक्टर 24 मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था, सेक्टर 39 मध्ये कॅन्सर प्रतिबंधाची राष्ट्रीय संस्था. श्रम आणि कॅन्सर यांच्यात रिक्षाचं अंतर!

कामामुळे होणाऱ्या कॅन्सरवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1974 मध्ये 139 क्रमांकाचा करार केला. आपली श्रम संस्थाही त्याच सालची. भारत या संघटनेचा 1919 पासूनचा संस्थापक सदस्य, पण या कराराला आपली मंजुरी नाही. यजमानाने पहिल्या पंगतीला बसायचं नसतं. बेंझिनचा करार तेवढा 1991 मध्ये मान्य केला. बाकीच्या विषांनी रांगेत थांबावं.

करार मागतो तरी काय? घातक पदार्थाऐवजी कमी घातक वापरा, कामगाराला धोका सांगा, नोंदी ठेवा, आणि काम सुटल्यावरही गरजेप्रमाणे तपासणी करा. ही शेवटची अट जिनिव्हात बसलेल्या संघटनेलाच सुचू शकते. लेबर चौकात रोजंदारीसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाचं काम रोज संध्याकाळी सुटतं. शिवाय हा कॅन्सर सभ्य आहे, उगवायला बहुधा वीसेक वर्षं घेतो. तोवर पोरगा गावी गेलेला असतो आणि नोएडाचं रजिस्टर स्वच्छ.

नोंदींचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षं जपायला सांगितलंय. चौकातल्या ठेकेदाराच्या वहीतही पोराचं नाव आहे. पुढे उचल लिहिलीय, पाचशे रुपये. ती मात्र तो चाळीस वर्षं विसरणार नाही.