आल्यागेल्याचा हिशेब

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या तात्यांना सकाळी जिन्यात ‘काय म्हणता?’ असं चुकूनही विचारू नये. ‘काल एकशे बेचाळीस. त्यातले मोबाइलवर एकशे अठरा,’ असं उत्तर येतं आणि तात्यांची साखर मोबाइलवर कोण मोजतं, या विचारात नवखा माणूस अर्धा जिना उतरतो.

तात्या बँकेतून निवृत्त झालेले. देवगडला वडिलार्जित हापूसची कलमं. इतकी वर्षं आंबा वाशीच्या दलालाकडे जायचा आणि येईल ती पट्टी मुकाट्याने खिशात घालायची, असा रिवाज होता. मग पुतण्याने वेबसाइट काढून दिली आणि तिला गूगल ॲनालिटिक्स जोडलं. वेबसाइट आंबे विकायला होती. तात्यांनी ती माणसं मोजायला घेतली.

त्यांचं सर्वांत लाडकं पान म्हणजे गेल्या अर्ध्या तासात कोण आलं ते दाखवणारं. ताटात वरण-भात आणि ताटाशेजारी टॅब्लेट. मध्येच तात्या घास हातात धरून ओरडतात, ‘चिंचवडहून कोणीतरी आलंय!’ काकू सवयीने विचारतात, ‘चहा टाकू?’ तेवढ्यात चिंचवडकर निघून गेलेले असतात. मग तात्यांचा घास गोड लागत नाही. ‘दहा सेकंदसुद्धा थांबला नाही हो!’ दहा सेकंद थांबला, दुसरं पान उघडलं किंवा खरेदी केली, तरच आलेला माणूस गुंतला असं हे यंत्र मानतं. तात्यांनीही हल्ली तोच नियम माणसांना लावला आहे. दारातूनच निरोप सांगून पळणाऱ्या वॉचमनला ते गुंतलेला मानत नाहीत.

एकदा नकाशावर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं ॲशबर्न उगवलं. रोज पहाटे तिथून पाच-सहा जण यायला लागले. तात्यांनी ताडलं, तिथल्या मराठी मंडळाला आपल्या आंब्याचा वास लागला. अमेरिकेला 2007 पासून आपला आंबा जातो, पण त्याआधी त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते, इथपर्यंत अभ्यास झाला. लासलगावच्या केंद्राची चौकशीही झाली. शेवटी पुतण्या म्हणाला, ‘तात्या, तिथे डेटा सेंटरं आहेत. ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत. साइटा चाळत फिरतात.’ तात्या दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘पण येतात नेमाने. आपली माणसं येतात का अशी?’

पुतण्याचा दुसरा घाव जास्त खोल होता. पुन्हापुन्हा येणाऱ्या निष्ठावंत ग्राहकांपैकी बरेचसे खुद्द तात्याच निघाले: एकदा फोनवरून, एकदा टॅब्लेटवरून, एकदा लॅपटॉपवरून. घरचा पत्ता मोजणीतून वगळल्यावर आलेख असा कोसळला, की काकूंनी त्या दिवशी गोडाचं केलं नाही. देवगडला गेले की मात्र तात्या पुन्हा मोजले जातात, आणि तेही मुंबईकर म्हणून; कारण मोबाइलचं नेटवर्क गाव कोणतं सांगेल याचा नेम नसतो. ‘मी कलमाखाली उभा आणि नकाशा म्हणतो मुंबई,’ हे ते तक्रारीच्या सुरात सांगतात, पण तो एक आकडा वाढल्याचं समाधान लपत नाही.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर साधी लिंक टाकली, तर आलेला माणूस कुठून आला ते बहुधा कळत नाही. म्हणून तात्यांनी प्रत्येक ग्रुपच्या लिंकेला वेगळी शेपटी जोडली: माहेरची मंडळी, बँकेतले जुने सहकारी, योगवर्ग. तेव्हापासून लग्नकार्यात तात्यांचा नमस्कारही प्रतवारीने होतो. योगवर्गाला दोन्ही हात जोडून. तिथून आठ जण आले आणि तिघांनी पेट्या घेतल्या. काकूंच्या माहेरच्यांना नुसती मान हलवून. ‘एकोणीस आले. फोटो पाहिले. गेले.’ काकू म्हणतात, ‘अहो, त्यांची स्वतःची बाग आहे.’

मग तात्यांच्या हाती क्लॅरिटी लागलं. आलेला माणूस पानावर कुठे फिरला, कुठे दाबलं, कुठे अडला याचं चित्रण ते दाखवतं. माणूस नाही, नुसता बाण. तात्यांनी मलाही एक दाखवलं. बाण आंब्याच्या फोटोवर रेंगाळला. दोन डझन घेतले. पत्ता भरला, पिनकोड भरला. कुरिअरचा आकडा उमटला. बाण जागीच थिजला, हळूहळू वर सरकला, पुन्हा एकदा आंब्याचा फोटो पाहिला आणि गेला. ‘असे किती जातात!’ तात्या कळवळून म्हणाले. ‘सगळे तिथूनच. माझ्या मते बटणाचा रंग चुकतोय.’

लगेच प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना हिरवं बटण, निम्म्यांना केशरी. आठवड्यात हिरव्यावर तीन ऑर्डरी, केशरीवर पाच. पुतण्याने समजावलं, की इतक्या थोड्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, उद्या उलटही होईल. तात्या म्हणाले, ‘बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री दहापर्यंत बसलोय. तू दोनाला थोडे म्हणतोस?’

या काळात काकू स्वयंपाकघरात फोन घेत होत्या. वेबसाइटवरून निघून गेलेलीच काही माणसं फोन करत होती आणि तेच तीन प्रश्न विचारत होती. कुरिअरचे वेगळे किती? पावडर लावून पिकवलेला नाही ना? अक्षय्य तृतीयेच्या आत मिळेल का? काकूंनी भांडी पुसता पुसता पुतण्याला सांगितलं, ‘ही तीन उत्तरं फोटोच्या खालीच लिही. आणि कुरिअर धरूनच भाव टाक.’ त्याने टाकलं. पंधरवड्यात पेट्या संपत आल्या. तात्यांनी जिन्यात मला गाठलं. ‘बघितलंत? केशरी!’

परवा मी शेवटची पेटी मागायला गेलो. ती तात्यांच्या पायाशीच होती. मी पैसे पुढे केले, तर त्यांनी हात मागे घेतला. ‘रोख नको. सोसायटीची लिंक पाठवतो, तिच्यावरून या.’ मी म्हटलं, मी आलोच आहे. ‘हो, पण तुम्ही कुठून आलात ते कुठे दिसतंय? सोर्स काय दाखवू?’

‘दार दाखवा,’ काकूंनी आतून सांगितलं, आणि बाहेर येऊन पैसे मोजून घेतले.