तीन शिट्ट्यांचा लॅपटॉप

"काका, अँटिव्हायरस टाकून देऊ ना?"

नवा लॅपटॉप खोक्यात भरता भरता दुकानातला पोरगा हा प्रश्न विचारतो. मिसळवाल्याने "तर्री घालू ना?" विचारावं, तसा सूर. नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर बाहेरगावचा. प्रस्तुत लेखक दोन्ही नसल्यामुळे हो म्हणाला. पोराने एक पेन ड्राइव्ह खुपसला, पडद्यावर आलेल्या तीन-चार सूचना न वाचता 'पुढे, पुढे, पुढे' केलं आणि एका कार्डावरचा पंचवीस अक्षरी नंबर नखाने खरवडून भरला. "आता एक वर्ष बिनधास्त," तो म्हणाला.

लेखकाचा जुना संगणक दहा वर्षं सेवा करून नुकताच निवर्तला होता. तो चालू व्हायला किती वेळ घेतो हे घरात मिनिटांत मोजत नसत, कुकरच्या शिट्ट्यांत मोजत. बटण दाबायचं, वरण-भाताचा कुकर चढवायचा, आणि पाचव्या शिट्टीला पडद्यावरचा बाण हलू लागायचा. त्या बिचाऱ्याच्या पोटात मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी होती आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखी सुई इकडून तिकडे धावायची. नव्यात तबकडीच नव्हती, एसएसडी होती. दुकानात तो बटण दाबल्याबरोबर उघडला, तेव्हा लेखकाच्या पत्नीने तिथल्या तिथे विचारलं, "आता लेख उशिरा द्यायला काय कारण सांगाल?"

आठवड्याभरात कारण मिळालं. लॅपटॉप तीन शिट्ट्यांवर आला होता.

संशयाची सुई अर्थातच अँटिव्हायरसवर गेली. हा प्राणी आत बसून नेमकं करतो काय, याचा शोध घेताना लेखकाला वाड्यातल्या आत्याबाई आठवल्या. आत्याबाई सोवळ्यात असत आणि स्वयंपाकघरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या नजरेखालून जायची. तांब्या आला? कुठून आला? कोणी हात लावला? धुऊन आण. अँटिव्हायरसचं काम अक्षरशः हेच. तुम्ही एखादी फाइल उघडता, कॉपी करता किंवा इंटरनेटवरून उतरवता, तेव्हा विंडोज ती आधी अँटिव्हायरसच्या पहारेकऱ्यापुढे ठेवतं. हा पहारेकरी ठाऊक असलेल्या व्हायरसांच्या खुणांशी ती ताडून पाहतो, तिचे रंगढंग बघतो आणि मग "जाऊ दे" म्हणतो. तोवर तुमचा प्रोग्राम पाण्याचा तांब्या हातात धरून दारात उभा.

मात्र आत्याबाईंची स्मरणशक्ती दांडगी होती, आणि चांगल्या अँटिव्हायरसचीही असते. एकदा तपासलेली फाइल बदलली नसेल तर तो पुन्हा तपासत बसत नाही. म्हणून नव्या मशिनचे पहिले काही दिवस जड जातात आणि पुढे ते हलकं होतं. त्यातच विंडोज त्याच दिवसांत मागच्या कित्येक महिन्यांचे अपडेट्स ओढत असतं आणि सगळ्या फायलींची यादी करत असतं. पहिल्याच दिवशी अँटिव्हायरसला नावं ठेवणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुनेला आळशी म्हणण्यासारखं आहे. (काही घरांत तेही म्हणत, पण तो विषय वेगळा.)

गंमत अशी की खोडकर प्रोग्रामांची सुरुवातही मशिन मंद करण्यातूनच झाली. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून जो ओळखला जातो तो 'ब्रेन' १९८६ सालचा, लाहोरचा. बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि आत चक्क आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर टाकला. चोराने घरफोडी करून व्हिजिटिंग कार्ड ठेवून जावं, तसा प्रकार. हा ब्रेन फ्लॉपी हळू करायचा आणि सात किलोबाइट मेमरी बळकावून बसायचा. फक्त सात. आज त्याच्यापासून रक्षण करणारा पहारेकरी दीड-दोनशे मेगाबाइट सहज अडवतो. म्हणजे चोरापेक्षा वॉचमनला राहायला वीस हजार पटींहून मोठी जागा लागते.

पुण्याचा या धंद्याशी जुना संबंध आहे. मूळ रहिमतपूरच्या काटकर कुटुंबातला थोरला भाऊ कैलास दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागला, पुढे त्याने स्वतःचं दुकान काढलं. धाकटा संजय कॉलेजात संगणक शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत हार्डवेअरपेक्षा व्हायरसच जास्त निघू लागले, तेव्हा संजयने त्यांवर औषध लिहायला घेतलं. १९९५ साली त्यातून 'क्विक हील' बाजारात आलं, आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात गेली. व्हायरसांचा तो सुरुवातीचा काळ लेखकाला नीट आठवतो. फ्लॉपी जाऊन पेन ड्राइव्ह आले तेव्हा तर साथच पसरली. झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह द्यावा, तर घरी आल्यावर आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले असत. मुलीचा बायोडाटा छापायला गेलेला बाप घरी व्हायरस घेऊन यायचा आणि लग्नाआधीच घराला सोयर पडायचं. त्या दिवसांत अँटिव्हायरसशिवाय संगणक म्हणजे झाकण नसलेला माठ. दुकानातल्या पोराच्या प्रश्नात अजून तोच काळ बोलत होता.

लेखकाने मग सोसायटीत चौकशी केली. निवृत्त बँकवाले म्हणाले, पैसे भरूनच घ्या, फुकट ते फुकट. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, फुकटच घ्या, सगळे सारखेच. फुकटाबद्दल मात्र लेखकाने जरा वाचलं आणि चपापला. अव्हास्टसारखी नामांकित कंपनी आपल्या ग्राहकांची इंटरनेटवरची भटकंती 'जंपशॉट' नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर २०२० साली ती उपकंपनी बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पैसे भरूनही सुख आहे असं नाही. २०२१ साली नॉर्टनने आपल्या पॅकेजात ग्राहकाच्याच मशिनवर क्रिप्टो चलन खणायची सोय घातली, आणि खणून निघेल त्यातले १५ टक्के कंपनीचे. सोय ऐच्छिक होती हे खरं; तरी मशिन मंद होऊ नये म्हणून आलेल्या ग्राहकाला दारात कुदळ देणं ही विनोदबुद्धी दुर्मीळ म्हणायची.

खोक्यांवरच्या जाहिराती बघाव्यात, तर 'हलका', 'वेगवान', 'मशिन मंद न करणारा' हे शब्द सगळ्यांवर. सुदैवाने हे मोजणारी माणसं आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था एकसारख्या मशिनवर एकेक अँटिव्हायरस टाकून फायली कॉपी करून बघते, झिप करून बघते, प्रोग्राम टाकून आणि उघडून बघते, वेबसाइट्स उघडून बघते, आणि कोणी किती खोळंबा केला ते लिहून ठेवते. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट ही दुसरी. ती संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी सहा गुण देते. लेखकाने उत्साहाने गुणपत्रिका उघडली. वेगात सहापैकी सहा. दुसऱ्यालाही सहापैकी सहा. तिसऱ्याला साडेपाच. दहावीच्या निकालासारखंच चित्र होतं. पेढे सगळ्यांच्या घरी, प्रवेश कुठे घ्यायचा ते कळेना.

त्या आकड्यांत एक मजा मात्र सापडली. मॅकअफी जड, असा लेखकाच्या पिढीचा ठाम समज. खुद्द जॉन मॅकअफी, म्हणजे ज्याच्या नावाने ती कंपनी निघाली आणि जो १९९४ मध्येच तिच्यातून बाहेर पडला होता, त्याने २०१३ साली हे सॉफ्टवेअर मशिनवरून कसं काढावं याची टवाळी करणारा व्हिडिओ काढला होता. आणि इन्सब्रुकच्या वेगाच्या चाचण्यांत अलीकडे तेच नाव हलक्यांच्या पंगतीत, वरच्या पाटावर. माणसाची बदनामी आणि त्याची प्रकृती एकाच वेगाने बदलत नाहीत.

एवढं वाचून शहाण्या माणसाने गप्प बसावं. लेखकाने 'पीसी बूस्टर' नावाचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याने मशिनमध्ये हजारावर 'गंभीर दोष' असल्याचं लाल अक्षरांत कळवलं आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागितले. लॅपटॉप चौथ्या शिट्टीकडे सरकला.

शेवटी रविवारी हिंजवडीवरून भाची आली. पोहे होईपर्यंत तिने तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि हसायला लागली.

"मामा, तुम्ही इथे वॉर्ड ऑफिस काढलंय का?"

"का गं?"

"तीन-तीन जण बसलेत. हा बघा, लॅपटॉपबरोबर कंपनीनेच घालून दिलेला. तीस दिवसांचा ट्रायल. हा दुकानदाराने टाकलेला. त्याने पहिला काढायला हवा होता, तसा निरोपही आला असणार, पण त्याने पुढे-पुढे केलं असेल. आणि हा तिसरा बूस्टर तर तुम्ही स्वतः हाताने घरात घेतलाय."

सोवळ्यातल्या आत्याबाई एकट्या असतात तेव्हा जेवण साडेबाराला होतं. पण वाड्यात एकदा त्यांची मावससासू महिनाभर राहायला आली होती. तीही सोवळ्यात. एकीने धुतलेला तांब्या दुसरी पुन्हा धुवायची, आणि दुसरीचा हात लागला म्हणून पहिली तिसऱ्यांदा. त्या महिन्यात पानं तीनला वाढली जात. दोन अँटिव्हायरस एकाच मशिनवर असले की अगदी हेच घडतं. पहिल्याने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याच्या लेखी कुणीतरी फाइल उघडली, सबब तपासणं आलं. कधी कधी एक दुसऱ्याच्या व्हायरसांच्या यादीलाच व्हायरस समजतो. लेखकाला हे पटायला उदाहरण लागलं नाही. त्याला आत्याबाईंचा चेहरा आठवला.

"मग आता कुठला घेऊ?"

"कुठलाच नको. आहे ना आत." विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच येतो. दुसरा कुणी कामावर आला की हा आपण होऊन बाजूला होतो. तो दुसरा काढला की परत उभा राहतो. नियमित तपासणीच्या वेळी प्रोसेसरचा साधारण निम्माच भाग वापरायची मर्यादा त्याला आधीपासून घालून दिलेली असते. भाचीने कौतुक एकांगी केलं नाही. ढीगभर फायली कॉपी करताना किंवा नवे प्रोग्राम टाकताना तो काही वेळा इतरांपेक्षा मागे पडतो, हेही तिने सांगितलं. पण घरगुती लॅपटॉप, लेख, ईमेल आणि नातेवाइकांचे फोटो एवढ्यासाठी हा एक आणि वेळेवर अपडेट पुरे. "तुमच्याकडे डीटीपीचा धंदा असता, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागत असते, तर वेगळं बोलले असते. आणि समजा, शिरलंच काही, तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. २०१७ पासून. साफसफाईची साधनं फुकट देतं." नाव ऐकून लेखकाला सकाळची घंटागाडी आठवली.

मग निरोपसमारंभ सुरू झाला. तोच सगळ्यात लांबला. पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकाला "जाऊ नका हो" म्हटल्याची नोंद नाही. हे प्रोग्राम मात्र पाय धरतात. खरंच काढायचंय का? तुमचं मशिन असुरक्षित होईल. बरं, ५० टक्के सवलत देऊ का? बरं, का जाताय तेवढं तरी सांगा. भाचीने कारणांच्या यादीत 'इतर' वर टिचकी मारली. एक प्रोग्राम गेल्यावरही आपला ब्राउझरमधला एक नातेवाईक ठेवून गेला होता. त्याला वेगळा हाकलला. बूस्टरने जाताना पुन्हा एकदा हजार दोषांची आठवण करून दिली.

हे सगळं झाल्यावर लेखकाला भीती वाटू लागली. घरात एकच पहारेकरी? भाचीने उलट प्रश्न केला की पहारेकऱ्याचीच चूक झाली तर? २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवून उचलली आणि जगभरच्या ऑफिसांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ चं तर सगळ्यांना आठवतं. क्राउडस्ट्राइक या कंपन्यांसाठीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लेखकाच्या एका परिचिताने तो पास जपून ठेवला आहे. अक्षर सुरेख आहे म्हणतात.

जाण्याआधी पहारेकरी जागा आहे का याची परीक्षा तेवढी लेखकाने मागितली. त्यासाठी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ असते, आयकार नावाची. ती कुणाचं काही बिघडवत नाही, पण जगातल्या बहुतेक अँटिव्हायरसांनी तिला पाहताच ओरडायचं असं ठरलेलं आहे. भाचीने ती नोटपॅडमध्ये डकवली आणि सेव्ह केली. क्षणात फाइल गायब, आणि कोपऱ्यात सूचना आली की धोका विलगीकरणात ठेवला आहे. २०२० नंतर या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पोहे संपवून भाची गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने कुकर चढवला आणि लेखकाने लॅपटॉपचं बटण दाबलं. कुकर गरमही झाला नव्हता, तोच पडदा उजळला. बाण हलत होता. कोरं पान उघडलं, वर कर्सर लुकलुकत होता. लेख दुपारपर्यंत द्यायचा होता. स्वयंपाकघरातून "झाला का हो चालू?" असा आवाज आला.

लेखकाने जरा वेळ कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग डिफेंडर उघडून 'फुल स्कॅन'वर टिचकी मारली आणि तो चहा टाकायला गेला.