दोन जीबीचे नाना

‘‘नाना, आता नवीनच घेऊन टाका,’’ असं म्हणणाऱ्या माणसाला नानांच्या घरी दुसऱ्यांदा चहा मिळाल्याचं आमच्या सोसायटीत कुणाला आठवत नाही. खुद्द जावईही यातून सुटलेला नाही. गेल्या दिवाळीत त्याने सासऱ्यांसाठी कोरा लॅपटॉप आणायची गोष्ट काढली, तेव्हा नानांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, ‘‘पण याला झालंय काय?’’

‘याला’ म्हणजे २०१० साली घेतलेल्या लॅपटॉपला. त्याला झालंय ते असं : बॅटरी केव्हाच निकामी झाली, त्यामुळे वायर किंचित हलली की पडदा काळा. डावी बिजागरी तुटली, म्हणून पडदा दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करावा लागतो. ‘ल’ची कळ निखळून पडली आहे. तिथल्या उघड्या रबरावर नखाने नेमकं दाबलं तर ‘ल’ उमटतो, नाहीतर काकूंच्या मालतीवहिनी मेलमध्ये ‘मातीवहिनी’ होतात. आणि रॅम तेव्हा दोन जीबी. ‘रॅम आहे, पण राम नाही’ हा विनोद मात्र नानांना ऐकवू नये. तो ते स्वतः करतात, आणि समोरच्याने तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसावं अशी त्यांची अपेक्षा असते.

नाना चिकट आहेत असं कुणाला वाटेल. मुळीच नाहीत. हापूसची पहिली पेटी दरवर्षी त्यांच्याच दारात उतरते, तीही घासाघीस न करता. त्यांच्या स्वभावाचं मूळ वीज मंडळातल्या नोकरीत आहे. जळालेला ट्रान्सफॉर्मर भंगारात काढायचा नसतो, त्याचं वाइंडिंग पुन्हा करून तो खांबावर चढवायचा असतो, हे ज्याने उभी हयात केलं, त्याला ‘आउटडेटेड’ हा शब्द कामचुकारांनी काढलेला वाटतो.

लॅपटॉप आला तेव्हा त्यात विंडोज सात होतं आणि घरात शांतता होती. २०१५ मध्ये विंडोज दहा आलं, तेही जुन्या गिऱ्हाइकांना फुकट. फुकट म्हटल्यावर सोसायटीतले बाकीचे लोक संशयाने थांबले. नानांनी मात्र अटी वाचल्या. ६४ बिटला किमान दोन जीबी रॅम. ‘‘आपल्याकडे किती? दोन. मग अडचण कुठाय?’’

अडचण ‘किमान’ या शब्दात होती. दोन जीबीत विंडोज दहा बसतं हे खरंच आहे, पण ते बसल्यावर दुसऱ्या कुणाला बसायला जागा उरत नाही. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजर उघडावा, तर मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपास घुटमळत असतो. त्यावर ब्राउझर उघडला की मेमरीत न मावणारी पानं हार्ड डिस्कवर नेऊन टाकायची आणि लागली की परत आणायची असा खेळ सुरू होतो. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क ती. तिचा लाल दिवा मग विझतच नाही. पाहुण्यांना हे समजावताना नाना खात्याची भाषा वापरत : ‘‘मागणी जास्त, निर्मिती कमी. त्यामुळे आत भारनियमन चालू आहे.’’ पाहुणे मान डोलवत. अमेरिकेतली लेक व्हिडिओ कॉलवर ‘बाबा, तुमचं तोंड हलतंय पण आवाज नाही’ म्हणे, त्यालाही नाना भारनियमनच म्हणत.

या काळात त्यांनी मंडळाच्या एका जुन्या डायरीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. बटण दाबल्यापासून मराठी वर्तमानपत्राची साइट दिसेपर्यंतचा वेळ, मिनिटं आणि सेकंदांत. पावसाळ्यात वेळ वाढतो का, असाही एक रकाना होता. वाढत नाही, पण नानांना शंका कायम आहे.

मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. विंडोज दहाचा आधार त्या दिवशी संपला. एखाद्या साध्या माणसाने या निमित्ताने जावयाला फोन केला असता. नानांनी विंडोज अकराच्या अटी छापून आणल्या आणि कणकेच्या डब्याशेजारी बसून वाचल्या. चार जीबी रॅम. टीपीएम दोन. सिक्युअर बूट. शिवाय चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी. त्यांचा २०१० चा प्रोसेसर त्या यादीत असणं शक्यच नव्हतं, पण समोरच्या फ्लॅटमधला २०१६ चा, आठ जीबीचा, पळणारा लॅपटॉपही यादीबाहेर आहे हे कळल्यावर नाना खरे पेटले. ‘‘मशीन धडधाकट! फक्त यादीत नाव नाही!’’ हा संताप मला पटतो. सुरक्षेसाठी टीपीएमसारखी सोय हवी हे कारण खोटं नाही. पण चांगली चालणारी यंत्रं त्यापायी कचऱ्यात जाणार असतील, तर कुणीतरी कणकेच्या डब्याशेजारी बसून चिडलंच पाहिजे.

पहिला उपाय रॅमचा. नानांनी लॅपटॉप उघडला. इथे एक सांगायला हवं : यंत्र उघडून मग हताश होणारे जे असतात, त्यातले नाना नव्हेत. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावला होता. आत दोन खाचा, दोन्हींत एकेक जीबीच्या पट्ट्या. म्हणजे नवीन घालायची तर जुनी काढावी लागणार. आधी त्यांनी दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवले, काही फरक पडतो का पाहायला. नंतर बुधवार पेठेत गेले. दुकानातल्या पोराने विचारलं, ‘‘काका, दीड व्होल्टची देऊ की लो-व्होल्टेज?’’ वीज मंडळाच्या निवृत्त अधिकाऱ्याला कुणी भर बाजारात लो-व्होल्टेज देऊ करावं! तिथून पुढे अर्धा तास दुकानात काय झालं ते मला ठाऊक नाही, पण पोराने शेवटी स्टूल दिलं असं नाना अभिमानाने सांगतात.

मला वाटलं होतं की दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणतील. चार पुरे झाले असते आणि पैसेही फार नव्हते. नानांनी एकच आणली. एक जुनी काढली, एक ठेवली. एकूण तीन. ‘‘चौदा-पंधरा वर्षं चाललेल्या दोघी. दोघींना एकदम कसं काढायचं?’’ काढलेली पट्टी आता देवघराच्या खणात चांदीच्या कागदात आहे.

तीन जीबी झाले, त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. खरं सांगायचं तर अर्धी कामगिरी त्या एसएसडीने केली, पण नाना श्रेय पट्टीलाच देतात. उरला प्रश्न नव्या प्रणालीचा. पुतण्याने लिनक्स मिंट सुचवलं. पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता आधी वापरून बघता येतं म्हटल्यावर नाना लगेच तयार झाले. मिंटवाले म्हणतात, दोन जीबी लागतील, चार असतील तर बरं. नाना बरोबर मध्ये होते, आणि मध्ये असणं त्यांना फार आवडतं.

वायफाय लागेना. त्या चिपचा ड्रायव्हर नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेट मिळायला वायफाय लागतं. मोबाईल केबलने जोडून तो पेच सुटला. तेवढा एक दिवस नाना इतके आनंदात होते की काकूंनी त्यांना भाजी आणायला पाठवलं नाही.

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, ‘आ’कारान्त, वर्णक्रमाने पुढे सरकत जाणारं. हे काकूंना माहीत नव्हतं. नाना गॅलरीतून पुतण्याशी मोठ्याने बोलत : ‘‘अरे, व्हर्जिनिया शांत होती. विल्मा पण चांगली. झारा जरा जड जाते मला, पण दिसायला काय आहे!’’ खाली बाकावर बसलेल्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्या आठवड्यात नानांकडे फार आदराने पाहिलं. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘बसवा कुणालाही. फक्त ते दिवाळी अंक मला वाचायला हवेत.’’

मिंट बसलं. लॅपटॉप चाळीस सेकंदांत सुरू होऊ लागला. एकच खोड राहिली : सोसायटीच्या जुन्या सूचना. सेक्रेटरी असताना नानांनी त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केल्या होत्या. असे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवतात, त्यामुळे तो फाँट नसेल तिथे ‘पाणी येणार नाही’ हे वाक्य टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांत दिसतं. फाँट नव्या प्रणालीत टाकता येतो, पण नानांनी त्यासाठी एक वेगळाच एक्सपीचा डेस्कटॉप जपला आहे. एक्सपीचा आधार २०१४ सालीच संपल्यामुळे तो नेटला जोडायचा नाही असा घरात नियम आहे. मोलकरणीलासुद्धा तो माहीत आहे.

आणि मग जे होणार होतं ते झालं. लॅपटॉप नीट चालू लागला. वर्तमानपत्र उघडे, लेक दिसे, तिचा आवाजही येई. चार दिवस नाना त्याच्यासमोर बसले, पाचव्या दिवशी डायरी मिटली. बिजागरी आणि ‘ल’ची कळ बदलणं सहज शक्य होतं, त्यांनी ते जाणूनबुजून शिल्लक ठेवलं असावं असा माझा कयास आहे. काकूंचं निदान जास्त नेमकं : ‘‘तो चालायला लागला की यांचं चालत नाही.’’

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने आपला लॅपटॉप दाखवायला आणला. आठवी पिढी, आठ जीबी, विंडोज अकरा चालणारा. नानांनी झाकण उघडून लगेच मिटलं. ‘‘यात करण्यासारखं काही नाही,’’ म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

परवा मात्र मी गेलो तर टेबलावर कुणाचा तरी २००९ चा इवलासा नेटबुक होता. अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम, आणि ३२ बिट, म्हणजे मिंटची आजची आवृत्ती घेणारच नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलंय. बारावी आवृत्ती मात्र मिळते, आणि तिला जून २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. नाना स्क्रूंसाठी कागदावर चित्र काढत होते. सोसायटीच्या निवडणुकीत पुन्हा सेक्रेटरी व्हाल का, हे विचारायला मी गेलो होतो.

त्यांनी वर न बघता सांगितलं, ‘‘अध्यक्षांना कळव, जून २०२८ पर्यंत मी मोकळा नाही.’’