कायम वस्तीची माणसे

सरकारी बंगल्यात सामान कायम वस्तीला असते आणि साहेब पाहुणा. 1905 मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. तेव्हापासून आधी गोरे आणि मग आपले, असे कितीतरी साहेब या मुलखात आले, इथल्या उन्हाला नावे ठेवत बदलीची वाट पाहत राहिले आणि गेले. मागे उरली ती वेताने विणलेली आरामखुर्ची. पाय टाकून पहुडता यावे इतके लांब तिचे हात; पण तेवढी फुरसत असलेला अधिकारी आता जन्माला येत नाही. म्हणून ती बिचारी सुट्टीत नातवंडांची वाट पाहणाऱ्या आजीसारखी हात पसरून बसलेली.

यवतमाळ हा सागाचा जिल्हा. रानात कितीक पावसाळे झेललेला साग बंगल्यात आला की मेज होतो आणि त्याच्या पोटाला पांढऱ्या रंगात क्रमांक पडतो. नवे साहेब चार्ज घेताना नोंदवही उघडून खुर्च्या मोजतात. खुर्च्याही मनातल्या मनात साहेब मोजत असाव्यात. निर्लेखनाचा आदेश निघेपर्यंत मोडक्या स्टुलालासुद्धा मरायची मुभा नाही. जुन्या काळी छताला झालरीचा पंखा असे आणि त्याची दोरी ओढणारा बाहेर व्हरांड्यात. वारा आत, घाम बाहेर, अशी चोख वाटणी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले की भर मे महिन्यात मृगाचा भास होई. नोंदवहीत ताट्या असत; तो गंध नसे, आणि दोरी ओढणाराही नसे.

याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1956 मध्ये मंत्री होऊन मुंबईला गेले, तेव्हा मलबार हिलवरचा ‘डग बीगन’ नावाचा बंगला त्यांच्या वाट्याला आला. कोरडवाहू शिवारात वाढलेल्या या माणसाने त्याचे नाव ‘वर्षा’ ठेवले. सामान सरकारचे, भिंती सरकारच्या. घरात स्वतःचे म्हणून त्यांनी हे एवढेच आणले असेल. 1963 मध्ये मुख्यमंत्री झाल्यावरही ते तिथेच राहिले आणि मुख्यमंत्र्यांचे घर म्हणजे ‘वर्षा’ हे ठरूनच गेले. 1975 मध्ये त्यांचे पद गेले. त्यानंतर पडदे बदलले असतील, गालिचे आणि सोफेही. त्यांनी दिलेले नाव मात्र कुणी हलवले नाही. एखाद्या काटेकोर भांडारपालाने त्याचीही नोंद घेतलीच असती, तर क्रमांकाचा रकाना कोरा सोडून शेरा मारला असता : वापरात, सुस्थितीत.