मौजे लेणापूर येथील कॅमेऱ्यांचा दावा

प्रस्तुत वादातील मिळकत म्हणजे दोन कॅमेरे असून वादी माझे साडू व प्रतिवादी मी आहे. आणि उभयतांच्या पत्नी सख्ख्या बहिणी असल्यामुळे हा वाद आजवर कोणत्याही न्यायासनापुढे न जाता दर सणावारी जेवणाच्या पंक्तीत, वरणभातापासून ताकभातापर्यंत, अव्याहत चालत आलेला आहे. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात काढल्यामुळे मला कोणतीही गोष्ट चतुःसीमा व तपशील यांसह नमूद केल्यावाचून चैन पडत नाही. लग्नानंतर पत्नीला तिच्या माहेरी पाठवलेल्या पहिल्याच पत्राच्या शेवटी मी ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ असे लिहिले होते, असे ती सांगते. आणि तिच्या स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

साडूभाऊंचा कॅमेरा मिररलेस जातीचा, आणि त्या जातीतही अगदी पहिल्या पायरीवरचा आहे. मात्र हा दुसरा तपशील त्यांच्या देखत उच्चारण्याची सोय नाही. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगातून आलेला प्रकाश एका आरशावरून परावर्तित होऊन छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचत असे आणि बटण दाबताक्षणी तो आरसा खटकन आवाज करून बाजूला सरत असे. तो आरसाच काढून टाकावा आणि चित्र टिपणाऱ्या संवेदकावर उमटलेली प्रतिमाच विजेच्या साहाय्याने पडद्यावर दाखवावी, ही युक्ती भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत पॅनासॉनिकच्या जी-१ ने २००८ साली आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. आरसा गेला, त्याबरोबर कॅमेऱ्याची जाडी गेली, परंतु संवेदकाची झोपही गेली; तो बिचारा अहोरात्र जागा, आणि जागरणाचा सारा खर्च बॅटरीच्या खाती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सतराव्या लेण्यात तो उपस्थित होणार आहे.

माझा कॅमेरा अतिलघू. त्याचे भिंग बदलता येत नाही. ते कळ दाबली की पोटातून बाहेर येते आणि काम आटोपले की मुकाट्याने आत जाते. मोबाइल फोनने या जातीचा जवळजवळ निर्वंश केलेला असताना हल्ली महाविद्यालयातील मुली हेच जुने छोटे कॅमेरे हौसेने शोधत फिरतात, असे मला दुकानदाराने विकताना सांगितले. ही माहिती देताना त्याने माझ्याकडे आपादमस्तक का पाहिले, हे मला कळले नाही.

खरा झगडा क्षेत्रफळाचा आहे. साडूभाऊंच्या कॅमेऱ्यातील संवेदक साडेतेवीस मिलिमीटर लांब व साडेपंधराहून किंचित अधिक रुंद आहे. माझा जेमतेम सव्वासहा बाय साडेचार. गुणाकार करून पाहता त्यांची जमीन माझ्या जमिनीच्या सुमारे तेरापट भरते; म्हणजे त्यांचे तेरा गुंठे तर माझा एक. आता त्यांच्या तेरा गुंठ्यांत दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल नांदतात, आणि माझ्या त्या एकुलत्या एका गुंठ्यात, छपाईवर विश्वास ठेवायचा तर, दोन कोटी! शेतजमिनीचे असे चिंधोट्यांसारखे तुकडे पडू नयेत म्हणून मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला, पण कॅमेरे बनवणाऱ्यांना तो लागू नसावा. भर उन्हात प्रकाशाचा पाट दुथडी वाहत असतो, तेव्हा गुंठेवाल्याचेही पोट भरते आणि चार बाय सहा इंचांच्या छायाचित्रात कोणते पीक कोणाच्या शेतातले हे ब्रह्मदेवालाही ओळखता येत नाही. परंतु दुष्काळ पडला की तेरा गुंठेवालाच तगतो, हे साडूभाऊंचे म्हणणे. सबब दुष्काळी जागा शोधून तेथे स्थळपाहणी करणे प्राप्त झाले, आणि जेथे अंधार आहे, फ्लॅश वापरण्यास मनाई आहे व तरीही टिपण्यासारखे काही आहे, असे महाराष्ट्रातील ठिकाण म्हणजे मौजे लेणापूर, तालुका सोयगाव, अर्थात अजिंठा.

जळगावास उतरलो, भरीत-भाकरीचा यथास्थित परामर्श घेतला आणि एस.टी.ने फर्दापूरचा फाटा गाठला. खाजगी वाहनांना तेथेच थोपवत असल्यामुळे पुढचे चार किलोमीटर महामंडळाच्याच दुसऱ्या गाडीतून केले. वाघूर नदीने डोंगराला घातलेला नालाकृती वळसा आणि त्या वळशाच्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी हे भरतखंडातील अप्रतिम दृश्यांपैकी एक आहे, एवढे नमूद करून मी साडूभाऊंच्या पिशवीकडे वळतो.

त्या पिशवीत कॅमेरा होता, हे सर्वांत शेवटी लक्षात येई. त्याआधी एक लांब पल्ल्याचे भिंग, काच पुसण्याची फडकी, धूळ उडवण्याचा रबरी फुगा, कुंचला, तीन गाळण्या व एक जाडजूड माहितीपुस्तिका बाहेर काढावी लागे. तिवई होती, पण ती परवान्याशिवाय आत नेता येत नसल्यामुळे पायथ्याशीच जमा करावी लागली. जादा बॅटरी तिवईच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात सुरक्षित होती. पायऱ्यांच्या तळाशी डोलीवाले उभे होते. त्यांनी प्रथम माझ्या देहाचा भाव सांगितला आणि नंतर, थोडा विचार करून, पिशवीचा. दोन्ही आकडे जवळपास सारखेच होते, ही गोष्ट माझ्या पत्नीने आपल्या बहिणीला दोनदा सांगितली. माझा कॅमेरा शर्टाच्या खिशात होता. खिसा पोटाच्या चढावर वसलेला असल्यामुळे तो सारखा आकाशाकडे तोंड करून होता, पण कुरकुर करीत नव्हता.

पहिल्या लेण्याशी पादत्राणे काढून, ठरावीक संख्येने ठरावीक वेळच आत सोडतात त्या जथ्यातून आम्ही आत शिरलो. उभय भगिनी बाहेर कठड्यावर बसल्या. आतील अंधाराला डोळे सरावले तेव्हा गर्भगृहाच्या डाव्या अंगाला, हातात नीलकमल धरलेला, मान किंचित कललेला पद्मपाणी हळूहळू भिंतीतून पुढे येत असल्यासारखा दिसू लागला. मी कॅमेरा काढण्याचे विसरलो. साडूभाऊ विसरले नाहीत. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धे दाबले, आणि त्या पंधराशे वर्षांच्या मुखावर एक तांबडा-नारिंगी ठिपका झगझगीतपणे पडला.

“ओ साहेब! फ्लॅश बंद!” रखवालदार म्हणाला.

“हा फ्लॅश नाही,” साडूभाऊ शांतपणे म्हणाले. “अंधारात फोकस साधावा म्हणून कॅमेरा आपण होऊन हा दिवा लावतो.”

“दिवा आहे ना? मग दिवा बंद.”

वास्तविक साडूभाऊंचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या निर्दोष होते. परंतु नियमाचा अर्थ लावण्याची संधी समोरून चालून आली असता अव्वल कारकुनाने स्वस्थ बसावे ही अपेक्षाच निसर्गविरुद्ध आहे. मी पुढे झालो आणि सांगितले, की प्रकाशाने रंग विटतात म्हणून ही मनाई आहे; तेव्हा प्रकाश क्षणभर पडतो की दोन क्षण, पांढरा पडतो की तांबडा, हा प्रश्न गौण असून रखवालदारांचा हुकूम कायम होण्यास पात्र आहे. रखवालदाराने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिले. साडूभाऊंनी ज्या दृष्टीने पाहिले तिचे वर्णन करण्याचे कारण नाही.

आता दिवा बंद करणे आले. तो बंद करण्याची सोय कॅमेऱ्यात आहे याविषयी सर्वांचे एकमत होते; ती कोठे आहे याविषयी नव्हते. पहिल्या पायरीवरच्या कॅमेऱ्यातही पर्यायांच्या याद्या इतक्या असतात, की आमच्या दप्तरखान्यातील फेरफार नोंदवह्या त्यांच्यापुढे सुटसुटीत वाटाव्यात. साडूभाऊ एक पान उलटीत, दुसऱ्यावर थबकत, तिसऱ्यावर काहीतरी बदलून पुन्हा पहिल्यावर येत. शालेय सहलीबरोबर आलेले एक गुरुजी मदतीस धावले. त्यांच्या मागून मुले धावली. एका नवविवाहित दांपत्यातील वराने ‘हे मला येतं’ असे म्हणून कॅमेरा हाती घेतला व वधूच्या देखत परत केला. रखवालदार स्वतः पडद्यात डोकावून ‘त्या पाना-चाकूच्या चित्रावर जा’ असे सांगू लागला. एवढ्या गर्दीत कोणा विद्यार्थ्याचे चपळ बोट नको तेथे पडले, आणि कॅमेऱ्यातील यच्चयावत अक्षरे क्षणार्धात जपानी झाली.

सर्वत्र शांतता पसरली. गुरुजींनी मुलांना रांगेत उभे केले. मी माझ्या छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर घरूनच लावून आणलेली चिकटपट्टी रखवालदाराला अकारण दाखवली.

जपानी बौद्ध यात्रेकरू अजिंठ्यास मोठ्या श्रद्धेने येतात, आणि या परिसराच्या विकासयोजनेला जपान सरकारने कर्जही दिलेले आहे, हे मला ठाऊक होते; पण त्या देशाची मदत इतकी तातडीने पोहोचेल असे वाटले नव्हते. पुढच्या जथ्यात दाराशी उभ्या असलेल्या एका वृद्ध जपानी बाईंनी हा प्रकार पाहिला, पुढे येऊन दोन्ही हात पसरले, आणि साडूभाऊंनी कॅमेरा त्यांच्या स्वाधीन केला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तीन-चार कळा दाबल्या, बटण अर्धे दाबून भिंतीकडे पाहिले. दिवा लागला नाही. मग त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी साडूभाऊंना परत दिला, वाकून नमस्कार केला, आणि वळून पद्मपाणीलाही केला. भाषा परत मराठी वा इंग्रजी करून द्या, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगावे याचा आमचा निर्णय होईपर्यंत आमची वेळ संपली होती. बाहेर पडता पडता साडूभाऊंनी एकच चित्र घेतले.

तेथून पुढे साडूभाऊंनी कॅमेऱ्याच्या कोणत्याही कळेस हात लावण्याचे साहस केले नाही. सतराव्या लेण्यात, जातकांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतीसमोर, त्यांनी कॅमेरा उचलला तो आंधळा झालेला. यादीसंशोधनाच्या सबंध काळात पडदा व संवेदक दोन्ही टक्क जागे होते, आणि जादा बॅटरी तिवईसह पायथ्याशी सुरक्षित होती. मी शांतपणे खिशातून माझा गुंठा काढला आणि फोटो घेत सुटलो.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख नावासकट कोरून ठेवली आहे. वाघाच्या मागे आलेला हा गृहस्थ. त्याला लेणे सापडले आणि पहिली गोष्ट सुचली ती ही. त्यानंतर दोनशे वर्षे आमच्या लोकांनी त्याचा कित्ता इमानाने गिरवलेला पाहून माझे मस्तक फिरले. रॉबर्ट गिल मात्र वेगळा. मद्रासी फौजेतला हा अधिकारी १८४४ साली कंपनी सरकारच्या हुकुमाने येथे आला आणि वर्षानुवर्षे या काळोखात उभा राहून त्याने या चित्रांच्या मोठमोठ्या नकला तैलरंगात केल्या. त्या लंडनला गेल्या. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि मोजक्या काही सोडून बाकी साऱ्या जळाल्या. त्याच्यापाशी कॅमेराही होता. त्याने टिपलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रे वास्तुइतिहासकार फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ साली ग्रंथरूपाने निघाली. त्या काळी काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी तंबूच्या अंधारात धुऊन काढायची. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात ती किती भरभर वाळत असेल! आणि त्याची सहचरी पारो, जिची कबर अजिंठा गावात आहे, ती तर ही छायाचित्रे निघण्यापूर्वीच, १८५६ साली, गेली होती. इकडे साडूभाऊ बंद कॅमेरा घेऊन कठड्याला टेकून उगीच उभे होते. “तुमची बॅटरी घेऊन येऊ का खालून?” मी विचारले. मी पायऱ्या उतरून पुन्हा चढणार, या कल्पनेनेच ते इतके गहिवरले की नको म्हणाले.

घरी परतल्यावर भाच्याने जपानी हटवली आणि दोन्ही कॅमेऱ्यांतील पुरावा दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर मांडला. माझी छायाचित्रे सर्व लेण्यांतील होती, आणि सर्वांवर जोंधळ्याच्या कण्या सांडल्यासारखे दाणे पसरलेले होते. सतराव्या लेण्यातील एक अप्सरा कोणती व कोणता खांब हे सांगण्यासाठी मला उभे राहून काठीने दाखवावे लागले. नंतर साडूभाऊंचे ते एकुलते एक चित्र आले. कोणी काही बोलले नाही. ओठांची वळणे, मुकुटातील रत्ने, झुकलेल्या पापण्यांखालची छाया, भिंतीला गेलेला तडा, सारे जसेच्या तसे! जपानीच्या धाकाने कॅमेऱ्याला कोणी शिवले नव्हते, म्हणून सर्व निर्णय त्याने स्वतः घेतले होते, हे माझ्या ओठांवर आले होते. पण ते मी तोंडात ठेवले.

मात्र शेवटी माझ्याकडचे आणखी एक चित्र निघाले. पायऱ्यांवर दोघी बहिणी कशावर तरी पोट धरधरून हसत होत्या आणि साडूभाऊ भिंगाचे झाकण शोधत होते, तेवढ्यात मी खिशातून हात काढला होता. भर उन्हातले चित्र. दाण्यांचे नाव नाही. त्या कशावर हसत होत्या हे दोघींनीही अद्याप सांगितलेले नाही, परंतु त्याच चित्राच्या दोन प्रती मोठ्या आकारात काढून चौकटीत बसवण्याचा हुकूम सुटला. पद्मपाणीची प्रत काढा असे कोणी म्हटले नाही.

साडूभाऊंनी हा निकाल मान्य केलेला नाही. त्यांनी आता पन्नास मिलिमीटरचे, १.८ छिद्राचे नवे भिंग मागवले आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग तेवढ्याच अंतरावर ५.६ पर्यंतच उघडत असल्यामुळे नव्यातून नऊ-दहापट प्रकाश आत येईल, असा त्यांचा युक्तिवाद असून तो बरोबर आहे. अपिलाची सुनावणी वेरूळ येथे व्हावी, मंगळवारी त्यांना सवड आहे, असे त्यांनी लिहिले. वेरूळ मंगळवारी बंद असते, असे मी उलट टपाली कळवले. त्या भिंगाचे दृष्टिक्षेत्र इतके अरुंद आहे, की कैलासाच्या प्रांगणात उभे राहून त्यात एखादा हत्ती मावेल, पण कैलास मावणार नाही. हे मात्र मी कळवलेले नाही.