गुडघ्याचं हवामान

परभणीकराला अंशांचं वेड असतं. कृषी विद्यापीठात पारा किती उतरला हे पेपरात आधी बघायचं, राजकारण मागून. थंडी आमचीच कडक, मे महिन्यातलं ऊनही आमचंच. दोन्हींचा अभिमान असा, की जणू आम्हीच पाडलंय. त्यामुळे डिसेंबरात उजवा गुडघा बदलून घरी आलो आणि फिजिओथेरपीच्या ताईंनी कोनमापक काढलं, तेव्हा घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं.

"काका, बासष्ट."

"म्हणजे पास!" जन्मभर मास्तरकी केलेली, पस्तीसच्या पुढचं सगळं पासच.

"खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढं लागतात. आणि मांडी घालायचं विसरा."

मांडी विसरा! आमच्याकडे जेवण, कीर्तन, पंगत, भांडण, सगळं मांडी घालून. मी बासष्टवर आणि बाहेर पारा आठवर, दोघंही गारठलेले.

मग भेटायला येणारे सुरू झाले. मानवतचा चुलतभाऊ कापसातला माणूस. त्यानं आधी भाव विचारला. 2017 साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला वेसण घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला 54,720 रुपयांची मर्यादा ठरवली, हे मी सांगितलं. तो उसासून म्हणाला, "बघ, गुडघ्याला कमाल भाव अन् कापसाला किमान. मग माणसानं पिकवावं काय?"

शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी वाजपेयी काढले. "2000 साली एक गुडघा, 2001 साली दुसरा. ब्रीच कँडीत. दोन्ही डॉक्टर रानावतांनी केले. अन् देश चालवलाच ना? तुमाला संडासापर्यंत जायला काय झालं?" देश चालवायला मंत्रिमंडळ असतं, संडासाला एकट्यालाच जावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? तिसरे आले ते दारातूनच म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" गावाला लागलेली ही म्हण माझ्या गुडघ्यालाही लागू होते, हा त्यांचाच शोध.

खरी शिस्त घरातली. मी हळूच गुडघ्याखाली उशी सरकवायचो, बरं वाटायचं. पण तसा वाकलेला ठेवला तर पाय सरळ व्हायचा राहतो, म्हणून उशीला बंदी. सौभाग्यवती गंगाखेडच्या. उशी ओढून घेत म्हणाल्या, "आमच्या जनाबाईला दळू लागायला विठ्ठल आला. तुमाला चालू लागायला कोणी यायचं न्हाई. उठा!"

उठलो. वॉकर धरून ओसरीपर्यंत आणि परत. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आयुष्यभर मी उलटंच केलं होतं: चढताना दुसऱ्याला पुढं घातलं आणि उतरताना स्वतः पुढं पळालो.

जानेवारीत गुडघा शंभरावर गेला. मी फोन करून सगळ्यांना आकडा सांगितला. ताईंनी मात्र कोनमापक बाजूला ठेवलं. "आता हात छातीशी घ्या अन् खुर्चीतून पाच वेळा उठून बसा."

एकदाही जमलं नाही. गुडघा वाकत होता, मालक उठत नव्हता. तेव्हा पहिल्यांदा वरच्या मांडीकडे नीट पाहिलं. पोळ्याला शिंगं रंगवावीत तसा गुडघा नवाकोरा, आणि मांडी दुष्काळातल्या बैलाची. गुडघा दुखतो म्हणून पाच वर्षं बसून काढली, त्यात ती वाळली. ऑपरेशननंतरच्या अंथरुणानं उरलीसुरली नेली. गाडीला चाक नवं बसवलं होतं, ओढणारा उपाशीच होता. मग रोज डाळ, अंडी, शेंगदाणे, आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून धरणं. हे असं काम, की करताना माणूस झोपलेलाच दिसतो. निम्मं घर मला आळशी समजत होतं.

फेब्रुवारीत गावात तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला. घरचे सगळे तिकडे जायच्या गडबडीत. मी खुर्चीत. हात छातीशी घेतले, पुढं वाकलो, आणि उठलो. नुसता उभा राहिलो. बोर्डाच्या परीक्षेतही इतकं भारी वाटलं नव्हतं. बघायला कुणी आहे का म्हणून मान वळवली.

दारात सौभाग्यवती चप्पल घालत होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, क्षणभर थांबल्या.

"उठलाच आहात तर दार लावून घ्या. गार वारं यायलंय."